वीस तेत्रींची लिफ्ट

या इमारतीत वर जायला पैसे पडतात,
उतरणं फुकट.

तिबिलिसीत आल्या आल्या शाल्मलीनं बजावलं,
आई, वीस तेत्रींचं नाणं कायम जवळ ठेव,
नाहीतर आठ मजले आणि तुझे गुडघे.
मी चार नाणी रुमालाच्या टोकाला बांधली.
ती हसली. प्लास्टरमधला तिचा पाय
समोरच्या खुर्चीवर, मानाच्या पाहुण्यासारखा.

करार तीन महिन्यांचा.
कपाटात वाइनचे अठ्ठावीस पेले,
धड पातेलं एकही नाही.
मी चहा उकळते ते भांडं
बहुधा भलत्याच कशासाठी असावं,
पण विचारायचं कुणाला?
भिंतीवर मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो,
घरमालकाचे वडील.
इथे वडिलांना मामा म्हणतात, शाल्मली सांगते.
मग मीही रोज सकाळी म्हणते, मामा, चहा घेते हं,
आणि उगाच ओढणी सारखी करते.

पहिला आठवडा फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.
बोट दाखवायचं, बोटांनीच मोजायचं,
उरलेली मोड न बघता पर्समध्ये टाकायची.
दुकानावरची पाटी मी रोज वाचायला जाते.
गोल गोल अक्षरं, पण डोक्यावर रेघ नाही,
जणू वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी कुणी ओढून नेली
आणि कपडे हवेत तसेच राहिले.

दुसऱ्या आठवड्यात दुकानाच्या मागे गेले.
तिथे तळघरात भट्टी आहे.
विहिरीत वाकावं तसा एक पोरगा कंबरेपासून आत वाकतो,
आता गेला, असं वाटेपर्यंत वाकतो,
आणि होडीसारखा लांब पाव घेऊन वर येतो.
कागदात गुंडाळलेला तो पाव घरी पोचतो
तेव्हा त्याला एकच टोक असतं.
त्याला मी जबाबदार.
वाटेत कुत्री भेटतात, कानात पिवळे बिल्ले,
सरकारी नोकरीत असल्यासारखी संथ.
त्यातलं एक मला फाटकापर्यंत सोडतं,
आत येत नाही. ड्यूटी संपते.

मग तो मंगळवार.
टेकडीपर्यंत जाऊन यावं म्हणून निघाले
आणि परतताना सगळ्या इमारती सारख्याच.
तीच गंजलेली गॅलरी, तेच लोंबणारे गालिचे.
तीन जिने चुकीचे चढले.
आपला जिना सापडला तेव्हा रुमाल उघडून बघते,
नाणी पावात गेलेली.

लिफ्टपाशी एक बाई, हातात अंजिरांची पिशवी.
तिनं माझ्याकडे पाहिलं, नाणं टाकलं,
आणि दार बंद होताच लांबलचक काहीतरी विचारलं.
मी घाबरून म्हटलं, हो.

तिचा चेहरा असा उजळला की मीच दचकले.
हो? तिनं विचारलं.
हो, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
तिसऱ्या मजल्यावर उतरताना तिनं
तीन अंजिरं माझ्या हातावर ठेवली
आणि बोलत बोलतच गेली.

आई, शाल्मली म्हणाली, त्यांच्या भाषेतही हो म्हणजे हो.
पण तू कशाला हो म्हणालीस?
ते मला कुठे माहीत?

रात्री बेल वाजली. तीच बाई. लामारा.
शाल्मली एका पायावर उभी राहून दुभाषी झाली.
गावाला द्राक्षांची तोडणी आहे, दोन आठवडे.
झाडांना पाणी घालीन असं मी कबूल केलंय म्हणे.
तिनं माझी मूठ उघडली,
किल्ली ठेवली, मूठ मिटली.

तर आता माझ्याकडे दोन घरांच्या किल्ल्या आहेत
अशा गावात, जिथे मला माझा जिना सापडत नाही.
सकाळी फुकटात खाली उतरते.
तेलाच्या डब्यातलं लिंबाचं झाड,
चार टोमॅटो, एक वाळकं काहीतरी,
त्यालाही घालते, कुणी सांगावं.
तिच्या ओट्यावर एक पातेलं आहे, जाड बुडाचं.
रोज बघते. अजून मागितलेलं नाही.

पुढच्या सोमवारी प्लास्टर निघेल.
नाहीला इथे आरा म्हणतात.
शिकून ठेवलाय,
वापरायची वेळ आलेली नाही.